धावत्या वाटा : भाग 9
दौंडहून टिंडूफला धावायला जायचं तर

मागच्या भागात मुंबई मॅरेथॉनचा हिशेब पाहिला. 2004 पासून होणाऱ्या त्या शर्यतीत धावणारा माणूस ओळखीपाळखीच्यांकडून देणगी जमवतो, ती संस्थेकडे जाते आणि धावपटू संध्याकाळी आपल्या घरी परततो. देणगी कुणाच्या घरी पोहोचली हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. आजच्या शर्यतीत मात्र ज्यांच्यासाठी धावायचं, त्यांच्याच घरात उतरायचं असतं. त्यांच्या चटईवर झोपायचं, त्यांच्या टाकीतलं पाणी प्यायचं आणि सकाळी त्यांच्या पोरांच्या गराड्यातून धावत सुटायचं. अल्जीरियाच्या नैर्ऋत्य टोकाला टिंडूफजवळच्या सहरावी निर्वासितांच्या छावण्यांमध्ये 2001 पासून ही सहारा मॅरेथॉन भरते. शिरूर-दौंड भागातल्या धावणाऱ्या मंडळींकडून तिच्याबद्दल विचारणा झाली, म्हणून हा भाग तिला दिला आहे.

आधी माणसं, मग तिकिटं.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरची पश्चिम सहारा ही स्पेनची वसाहत होती. नोव्हेंबर 1975 मध्ये मोरोक्कोने सुमारे साडेतीन लाख नागरिकांचा मोर्चा सीमेपार नेला, आणि त्याच महिन्यात स्पेनने माद्रिदमध्ये करार करून तो प्रदेश मोरोक्को व मॉरिटानियाच्या हवाली केला. तिथल्या लोकांना कुणी विचारलं नाही. लढाई पेटली. बायका-पोरं, म्हातारी माणसं वाळवंट तुडवत अल्जीरियात आली आणि उघड्या माळावर तंबू पडले. 27 फेब्रुवारी 1976 रोजी पोलिसारिओ या त्यांच्या संघटनेने सहरावी प्रजासत्ताक जाहीर केलं. मॉरिटानियाने 1979 मध्ये अंग काढून घेतलं, मोरोक्कोशी युद्ध मात्र 1991 पर्यंत चाललं. शस्त्रसंधी झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी सार्वमताचं आश्वासन दिलं होतं. ते सार्वमत आजतागायत झालेलं नाही. मोरोक्कोने वाळवंटात बांधलेली सुमारे 2700 किलोमीटर लांबीची भिंत आणि तिच्या कडेचे भूसुरुंग आजही दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या मध्ये उभे आहेत.

आपल्या मुलखालाही निर्वासितांची छावणी परकी नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडची सुमारे 5000 माणसं राहत होती, 1943 ते 1948. पाच वर्षांत ती पांगली, आपापल्या वाटेने मार्गी लागली. टिंडूफच्या छावण्यांना पन्नास वर्षं होत आली. तिथे जन्मलेल्या मुलीला आता नातवंडं असू शकतात.

छावण्या पाच : लायुन, स्मारा, औसर्द, दाखला, बुजदूर. ही सगळी सुटलेल्या मुलखातल्या गावांची नावं. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी लोकसंख्येचा अंदाज काढला तो सुमारे 1,73,600 होता. शर्यत बहुतेक वेळा लायुनच्या छावणीतून निघते, औसर्दवरून जाते आणि स्माराला संपते. पूर्ण मॅरेथॉन, अर्धी, 10 आणि 5 किलोमीटर अशी अंतरं आहेत, लहान मुलांची वेगळी धाव असते. जमलेला पैसा छावण्यांतल्या कामांसाठी, विशेषतः मुलांच्या आणि तरुणांच्या खेळांसाठी वापरला जातो.

छावणीचं रोजचं जगणं शिरूर-दौंडच्या माणसाला फार समजावून सांगावं लागणार नाही. तिथे पाणी टँकरने येतं. कूपनलिकेचं पाणी शुद्ध करून टँकर वस्तीवस्तीत फिरतो, प्रत्येक घराबाहेर पत्र्याची नाहीतर फायबरची टाकी असते, आणि पुढच्या खेपेपर्यंत ती पुरवायची असते. कान्हूर मेसाई, पाबळ, केंदूर किंवा दौंडच्या दक्षिणेकडचा जिरायती पट्टा उन्हाळ्यात ज्यांनी पाहिला आहे, त्यांना टाकीवर वाजवून पाणी किती उरलं हे जोखणारी बाई लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की आपल्याकडे जूनची वाट पाहता येते. तिथे वर्षभर टँकरच आहे. आणि पाऊस आला तर तो संकट होऊन येतो : ऑक्टोबर 2015 च्या अतिवृष्टीत मातीच्या विटांची हजारो घरं विरघळून पडली. शिधाही बाहेरून येतो. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून पीठ, तांदूळ, डाळी, तेल, साखर मिळते, पण भाजी-फळं आणि दूध तुटपुंजं, त्यामुळे बायका आणि मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण फार मोठं आहे.

या प्रश्नाशी भारताचा संबंध आहे आणि तो आपण विसरलो आहोत. 1985 मध्ये भारताने सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, दिल्लीत त्यांचा दूतावासही होता. 2000 मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. दुसरा धागा थेट आपल्या शेतापर्यंत येतो. उसाला आपण टाकतो त्या डीएपीमधला स्फुरद बहुतांशी आयात केलेल्या कच्च्या मालातून येतो आणि त्याचा मोठा पुरवठादार मोरोक्को आहे. मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारात बू क्रा इथे फॉस्फेटची मोठी खाण आहे. तिथून समुद्रापर्यंत सुमारे 100 किलोमीटरचा वाहक पट्टा खनिज वाहून नेतो. तिथलं फॉस्फेट भारतातही आलं आहे. ज्यांच्या जमिनीतून ते निघतं, त्यांच्यातले कितीतरी लोक भिंतीपलीकडे शिध्याच्या रांगेत असावेत, हे मला पचत नाही. म्हणून या शर्यतीला जाण्याला मी मौज म्हणत नाही.

आता तयारीकडे येऊ. शर्यत साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताकाच्या वर्धापनदिनाच्या आसपास ठेवतात. पण 2026 आणि 2027 या दोन्ही वर्षी फेब्रुवारीचा शेवट रमजानमध्ये येतो. त्यामुळे आयोजकांनी तारीख जाहीर केल्याशिवाय तिकीट काढू नका.

वाट दोन प्रकारची. युरोपातले बहुतेक धावपटू माद्रिदहून आयोजकांनी ठरवलेल्या विमानाने टिंडूफला उतरतात. आपल्याला ही वाट धरायची तर स्पेनचा शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो किमान दोन प्रवेशांचा हवा, कारण आपण माद्रिदहून आफ्रिकेत जाणार आणि पुन्हा माद्रिदलाच उतरणार. एका प्रवेशाचा व्हिसा घेतला तर परतीला अडकाल. दुसरी वाट आखाती देश किंवा इस्तंबूलमार्गे अल्जिअर्स, आणि तिथून देशांतर्गत विमानाने टिंडूफ. हे अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे. दोन्ही वाटांना अल्जीरियाचा व्हिसा लागतोच. तो दिल्लीच्या दूतावासातून मिळतो आणि त्याला आयोजकांचं निमंत्रणपत्र लागतं, म्हणून नोंदणी आधी आणि व्हिसा नंतर. कासाब्लांकाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी मोहात पडू नका. अल्जीरिया आणि मोरोक्को यांची जमिनीवरची सीमा 1994 पासून बंद आहे, 2021 मध्ये अल्जीरियाने राजनैतिक संबंधही तोडले. मोरोक्कोतून टिंडूफला जाता येत नाही.

पासपोर्ट नसेल तर हे सगळं वाचून उपयोग नाही. मुंढव्याच्या केंद्राची वेळ घेऊन उन्हाळ्यातच अर्ज करा, म्हणजे पोलीस पडताळणी पावसाळ्यापूर्वी उरकेल आणि दिवाळीच्या आधी व्हिसाची कागदपत्रं लावता येतील.

धोक्याचं बोलणं टाळून चालणार नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये राबुनी इथल्या छावणीच्या प्रशासकीय केंद्रातून तीन युरोपीय मदत कार्यकर्त्यांचं अपहरण झालं होतं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ते सुटले. तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे, पाहुण्यांच्या गाड्या सशस्त्र पहाऱ्यात नेतात. नोव्हेंबर 2020 मध्ये शस्त्रसंधी मोडली. लढाई भिंतीच्या बाजूला आहे, छावण्यांत नाही, तरीही अनेक देशांची सरकारं आपल्या नागरिकांना टिंडूफ भागात जाऊ नका असं सांगतात. याचा आपल्याला बसणारा फटका विम्याचा आहे : अशा इशाऱ्याखालचा प्रदेश बऱ्याच प्रवास विम्यांत वगळलेला असतो. पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचून, टिंडूफचं नाव घेऊन कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. घरात लहान लेकरं आणि एकटा कमावता माणूस असेल, तर हा प्रवास पुढे ढकला असं मी स्पष्ट सांगेन.

शरीराची तयारी मात्र आपल्याच शिवारात उत्तम होते. वाळवंट म्हटलं की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. टिंडूफचं वाळवंट तसं नाही. ते खडकाळ पठार आहे, त्याला हमादा म्हणतात. पायाखाली कडक जमीन, खडे, मधूनमधून भुसभुशीत वाळूचा पट्टा आणि सावली नाही. आपला मुरमाड माळ याच्या फार जवळचा. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे, आणि भरतीची तयारी करणारी पोरं या तालुक्यात पहाटेपासून पळताना दिसतात. राज्य राखीव पोलीस बलाच्या भरतीला 5 किलोमीटर आणि जिल्हा पोलिसांच्या भरतीला 1600 मीटर धावावं लागतं. त्यांच्या पायात वेग आहे. लांब पल्ल्याला लागणारा संथपणा त्यांना वेगळा शिकावा लागेल, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्ण मॅरेथॉनचा हट्ट न धरता अर्धी धरावी.

वाळूच्या सरावासाठी घोड किंवा भीमेच्या पात्रात उतरू नका. उपशाने वाळू गेली आहे आणि खोल खड्डे राहिले आहेत. त्यापेक्षा कुळवलेलं कोरडं रान बरं. ढेकळं फुटलेली असावीत, नाहीतर घोटा मुरगळतो. आठवड्यातून एकदा अशा रानात, एकदा माळावर आणि एकदा कुरकुंभच्या डोंगराच्या चढावर, एवढं पुरतं. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, कारण लांब धावल्यावर पाय सुजतात, आणि खडे आत जाऊ नयेत म्हणून बुटावरून घोट्यापर्यंत कापडी पट्टी शिवून घ्या. गावातला कोणताही शिंपी ती शिवून देईल. डिसेंबरच्या पहाटेचा आपला गारठा आणि तिथल्या फेब्रुवारीतल्या रात्रीचा गारठा सारखाच, दुपारी मात्र ऊन लागतं. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, जागेवर वाळून जातो. तहान लागण्याआधी घोटघोट पाणी आणि चिमूटभर मीठ घ्यायची सवय इथेच लावून घ्या.

सराव ऑक्टोबर ते जानेवारीत येतो. तोच गळीत हंगाम. न्हावरा-चौफुला रस्त्यावर अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि मागे दिवा असेलच असं नाही. शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याने माणसं मारली आहेत. उसाच्या कडेने पहाटे एकट्याने धावणं ही बहादुरी समजू नका. उजाडल्यावर, चार जणांनी मिळून, चमकणारं जाकीट घालूनच धावा.

पाहुणा म्हणून कसं वागायचं, याला आपल्याकडे जुना धडा आहे. तुकोबांची पालखी यवतला येते तेव्हा गाव पिठलं-भाकरी रांधतं, आणि वारकरी दारी येईल ते खातो, ओसरीवर पडतो, पहाटे आभार मानून निघतो. सहरावी कुटुंबात तसंच उतरायचं. चहा तीन पेल्यांचा असतो, कोळशावर सावकाश होतो, आणि तिन्ही पेले होईपर्यंत उठायचं नसतं. बोली हसानिया अरबी, बऱ्याच जणांना स्पॅनिश येतं. जेवणात शेळीचं किंवा उंटाचं मांस येऊ शकतं. माळकरी असाल तर नोंदणीतच सांगा, डाळ-भात आणि रोटी मिळते. पाहुण्यासाठी महागाचं काही करू देऊ नका. आंघोळीला पाणी मागू नका, ओल्या रुमालाने भागवा. विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढू नका, आणि पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटत फिरू नका.

शेवटी पैशाचं. धावण्यातून गरज भागते हे आपल्याकडे पटवून द्यावं लागत नाही. बारामतीच्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या त्या नवऱ्याच्या उपचाराच्या पैशासाठीच. पण परदेशातल्या मदतीला नियम आहेत. गणेश मंडळाच्या किंवा नोंदणीकृत न्यासाच्या नावाने वर्गणी काढून ती बाहेर पाठवू नका. भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेवर न्यासाला आयकर सवलत मिळवायची तर आधी खास परवानगी लागते. व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या प्रेषण योजनेखाली पाठवलेले पैसे हा सरळ मार्ग. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर 80 जी ची वजावट मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगा.

ज्यांना जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी एक विनंती आहे. येत्या 27 फेब्रुवारीला शिरूर, न्हावरा, केडगाव, दौंड, जिथे तुमचा गट असेल तिथे 10 किलोमीटर धावा, आणि धावून झाल्यावर शाळेच्या पोरांना नकाशावर टिंडूफ दाखवा. पुढच्या आठवड्यात वाळवंटी धावण्यात पायांची काळजी आणि फोड यांबद्दल लिहीन. तोवर ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही, त्यांनी अर्ज भरून टाकावा.