आल्या वाटेनं परतणारी सुई

खेळण्यातलं अस्वल उलटं शिवतात. कापडाचे तुकडे सुलट्या बाजू आत ठेवून जोडायचे, पाठीवर किंवा पोटावर एक फट मोकळी सोडायची, त्या फटीतून सगळं अंग बाहेर काढून सुलटं करायचं, भराव कोंबायचा आणि मग फट मिटवायची. तोवरच्या सगळ्या शिवणी आतून घातलेल्या असतात, त्यामुळे त्या आपोआप लपतात. ही शेवटची शिवण मात्र बाहेरूनच घालावी लागते आणि तरीही ती बाहेर दिसता कामा नये. त्यासाठी सुई एका काठाच्या घडीत शिरते, घडीतल्या घडीत दोनेक मिलिमीटर पुढं सरकते, वर येते आणि समोरच्या काठाच्या घडीत जाते. दोन काठांमध्ये आडवे धागे पडत जातात. चार-पाच टाके झाले की दोरा हलक्या हातानं ओढायचा, म्हणजे काठ एकमेकांना भिडतात आणि दोरा दिसेनासा होतो. गाठही वर ठेवायची नसते. सुई अंगातून आरपार दूरवर काढायची, दोरा जरा ताणून कापायचा, की टोक आपसूक आत जातं. अस्वल पाच इंचांहून लहान असेल, तर शिवणीसाठी सोडलेली कड जेमतेम तीन मिलिमीटरची असते. तिथं दोरा जास्त ओढला तर कापडाची वीण सुटते, सैल सोडला तर भराव डोकावतो. शिवणीत अडकलेली लव शेवटी सुईच्या टोकानं एकेक उपसून मोकळी करावी लागते.

हे काम यंत्राकडे का गेलं नाही, याचं उत्तर यंत्राच्या रचनेतच आहे. इलायस हाउनं १८४६मध्ये आणि आयझॅक सिंगरनं १८५१मध्ये पेटंट घेतलेल्या शिलाई यंत्रांत टीप दोन दोऱ्यांची असते. वरून सुईचा दोरा येतो, खाली बॉबिनचा दोरा थांबलेला असतो आणि कापडाच्या पोटात दोघांची गाठ पडते. म्हणजे यंत्राला कापडाच्या दोन्ही बाजू मोकळ्या लागतात. भराव भरलेल्या अस्वलाची एकच बाजू हाती उरते. जर्मनीतल्या गींगनच्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८०मध्ये नमद्याचा हत्ती केला, तो टाचण्या टोचण्यासाठी. त्यांचा पुतण्या रिचर्ड यानं १९०२मध्ये हातपाय हलणारं अस्वल बेतलं आणि पुढच्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्यानं तशा तीन हजार अस्वलांची मागणी नोंदवली. कारखाना वाढला, यंत्रं आली, तरी त्या जुन्या अस्वलांच्या पोटावरची मिटवणीची शिवण हाताचीच राहिली.

मुंबईत अशा अस्वलांची परंपरा नाही, पण त्याच जातीचा टाका दादर-लालबाग-गिरगावात रोज घातला जातो. तो साडीच्या फॉलचा. अस्वलाची दुसरी बाजू हाताला लागत नाही. साडीची दुसरी बाजू लागते, पण तिच्यावर खूण उमटू द्यायची नसते. दोन्हीकडे सुईला आल्या वाटेनंच परतावं लागतं. हिंदमाता, रानडे रोड, ठाकुरद्वार इथल्या दुकानांवर ‘फॉल-बीडिंग करून मिळेल’ ही पाटी इतकी सवयीची झाली आहे की त्यामागे काही कसब असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. ज्या कामाची परीक्षाच ‘दिसलं नाही म्हणजे जमलं’ अशी असते, त्याचं मोल ठरवताना बाजार ते न दिसण्यालाच क्षुल्लकपणाचा पुरावा मानतो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा, हे फॉल नेमका कसा लागतो ते पाहिल्यावर कळतं.

फॉल म्हणजे साधारण पाच इंच रुंद आणि तीनेक मीटर लांब सुती पट्टी. साडीच्या खोचायच्या टोकाजवळून सुरू होऊन निऱ्यांच्या भागाला खालच्या काठाशी आतून ती लागते; निऱ्यांना वजन येतं, त्या सरळ पडतात आणि काठ जमिनीला घासला तरी झीज फॉलवर जाते. ही पट्टी आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी लागते. तसं केलं नाही तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही आणि सगळा काठ चुण्या पडून गोळा होतो. मग दोन्ही कापडं सपाट पसरून कच्चा टाका घालायचा. खालची कड साडीच्या काठापेक्षा किंचित वर राहील इतपतच ठेवायची, म्हणजे नेसल्यावर फॉल डोकावत नाही. खरी परीक्षा वरच्या कडेला असते. खालची कड निदान काठाच्या जाड विणीत दडते. वरची मात्र साडीच्या अंगात, डोळ्यांसमोर पडते. तिथं सुईनं साडीचे एक किंवा दोनच धागे उचलायचे, लगेच फॉलच्या घडीत शिरायचं, घडीतून पुढं सरकायचं. तीन धागे उचलले तर सुलट्या बाजूला ठिपका दिसतो, आणि रेशमावर असा ठिपका लांबूनही ओळखू येतो. दोरा साडीच्या रंगाचा घ्यायचा, एकेरी आणि थोडा सैल, कारण चालताना दोन कापडं वेगवेगळी हलतात. अर्ध्या इंचावर एक टाका धरला, तरी तीन मीटरच्या एका कडेला सव्वादोनशेच्या वर टाके होतात. दोन्ही कडा आणि दोन टोकं मिळून पाचशेच्या घरात. त्यातला प्रत्येक टाका एक-दोन धाग्यांच्या हिशेबानं घातलेला असतो, आणि त्यातला एकही कुणाला दिसू नये हीच अपेक्षा असते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आता फॉलही मशीनवर लागतो, मग हाताचं कौतुक कशासाठी? रोजच्या वापरातल्या सुती किंवा सिंथेटिक साडीला मशीनचा फॉल पुरतो, हे मान्यच केलं पाहिजे. छापील साडीत टीप दिसत नाही, वेळ वाचतो, पैसे वाचतात. पण पैठणी, नारायणपेठ, कांजीवरम किंवा शिफॉन यांचं तसं नाही. मशीनची टीप आरपार जाते, त्यामुळे सुलट्या बाजूला टाक्यांची रांग उमटते. याहून मोठा मुद्दा पुढचा आहे. फॉल कायमचा लावत नाहीत. तो झिजण्यासाठीच असतो, आणि झिजला की काढून नवा लावायचा असतो. हाताचा सैल टाका कात्रीच्या टोकानं उचलून ओढला की सुटतो आणि रेशमावर मागं काही राहत नाही. मशीनची टीप उसवली तर जवळजवळ पडलेल्या भोकांची ओळ राहते आणि नवा फॉल त्याच भोकांवर पुन्हा टोचला जातो. आईची पैठणी मुलीच्या लग्नात आणि पुढं नातीच्या अंगावर येते, ती साडी मधल्या काळात दोन-तीन फॉल जिरवून बसलेली असते. कापडाला इजा न करता सुटणं हा हातटाक्याचा गुण आहे, आणि तो मशीनच्या टिपेत नाही.

आल्या बाजूनंच परतणारी वाकडी सुई बसवलेली यंत्रंही आहेत आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांत पँटची, स्कर्टची खालची घडी त्यांवर दुमडली जाते. तंत्राच्या अंगानं सगळ्यात जड आक्षेप हाच आहे. पण ही यंत्रं जाडसर कापडाच्या अर्ध्या जाडीत सुई फिरवतात. तलम रेशमात अर्धी जाडी म्हणजे किती, हा प्रश्न बोटांनाच सोडवावा लागतो. शिवाय त्यांची टीप बहुधा एकाच दोऱ्याच्या साखळीची असते. एक टोक निसटलं की सगळी ओळ सुटत जाते. पँटला ते चालून जातं, पुन्हा दुमडता येतं. निऱ्यांत पायाचा अंगठा अडकला आणि तीन मीटरचा फॉल एका झटक्यात लोंबू लागला, तर चालणार नाही. हातटाक्यात एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात.

दुसरा आक्षेप सवयीतून येतो: हे काम कुठल्याही बाईला येतं. गिरणगावाचा इतिहास याला चांगलं उत्तर देतो. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार बाई होती. या बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीळ खात्यांत असत. तुटलेला धागा पकडायचा, पुढच्या खात्यात अडणार नाही इतकी बारीक गाठ मारायची, हे त्यांचं काम. तेव्हाही ते ‘बायकांचं काम’ म्हणून विणकराच्या कामाहून हलकं धरलं गेलं. गिरण्यांत नवी यंत्रं आली, रात्रपाळीवर आणि बाळंतपणाच्या रजेबद्दल कायदे झाले, तशी मालकांनी बायकांची भरती आखडती घेतली आणि त्यांची संख्या घसरत गेली. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुरुषांचे पगार थांबल्यावर अनेक घरं बायकांनी घरबसल्या केलेल्या कामावर तगली: खानावळ, पोळ्या, मसाले, शिवण. हे सगळं ‘कुठल्याही बाईला येतं’ अशाच जातीचं काम होतं. ते येत होतं म्हणून चूल पेटली. ज्या कसबावर एवढ्या माणसांचं पोट निभावलं, त्याला उपजत म्हणून बाजूला सारणं हा त्या बायकांवर अन्याय आहे. उपजत असं त्यात काही नाही. सुईच्या टोकाला एक धागा लागला की तीन, हे बोटाच्या पेरानं ओळखायला शेकडो फॉल लावावे लागतात.

तिसरा आक्षेप अधिक सौम्य आवाजात येतो आणि म्हणून अधिक नुकसान करतो. हे फावल्या वेळचं काम आहे, दुपारी घरात बसून करता येतं, मग त्याला कारागिराचा दर कशाला? या परिसरातच याचं खणखणीत उत्तर उभं राहिलं आहे. १९५९मध्ये गिरगावातल्या लोहाणा निवासात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती आजची ‘लिज्जत’. पीठ केंद्रातून न्यायचं, पापड घरी लाटायचे, वजनावर मोबदला घ्यायचा, ही पद्धत तशी घरकामाचीच. पण तिथं लाटणारी सभासद मालक असते आणि नफ्यात तिचा वाटा असतो. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना बँकांची कर्जं मिळवून दिली. सावकाराचं व्याज सुटलं. दोन्ही ठिकाणी काम घरातच राहिलं, वेळही घरच्या कामांमधून काढलेलाच होता. बदलली ती कामाची मोजणी आणि नोंद. फॉलच्या कामात मात्र दुकान आणि शिवणारी यांच्यामध्ये गठ्ठे पोचवणारा माणूस असतो, आणि शिवणारीचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

घरातलं काम कायद्याच्या मापात बसवता येत नाही, असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. १९६६च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानलं आणि हजार बिड्यांमागे किमान वेतन ठरवण्याची रीत रुळली. सोलापूरच्या हजारो बायकांना हा हिशेब तोंडपाठ आहे. हजार बिड्या मोजता येतात, तर एक फॉल मोजणं त्याहून सोपं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार १९९६मध्ये केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, २०२०मध्ये, घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली आहे, पण दराचा प्रश्न व्याख्येनं सुटत नाही.

दर वाढला तर गिऱ्हाईक मशीनकडे वळेल, ही भीती खरी आहे आणि रोजच्या साड्यांपुरती ती बरोबरही ठरेल. पण तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो तेव्हा हातफॉल मागणारं गिऱ्हाईक अनेक हजारांची साडी घेऊन आलेलं असतं. तिथं अडचण किमतीची नसून ‘फॉल-बीडिंग मोफत’ या पाटीची आहे. मोफत कुणीच देत नाही. ते पैसे साडीच्या किमतीत बसवलेले असतात. दुकानाला गिऱ्हाईक मिळतं, गिऱ्हाइकाला सूट मिळाल्याचं समाधान, आणि पाचशे टाके घालणाऱ्या बाईकडे दर वाढवून मागायला किंमत नावाचा आकडाच राहत नाही.

खेळण्यांच्या बाजारात हीच शिवण निराळ्या कारणानं महत्त्वाची झाली आहे. १ जानेवारी २०२१पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह बंधनकारक आहे. मऊ खेळण्यांच्या चाचणीत शिवण दोन्हीकडून पकडून सुमारे सात किलो वजनाइतक्या जोरानं ओढतात. ती उसवून भराव बाहेर आला तर खेळणं नापास, कारण तो भराव तान्ह्या मुलाच्या घशात जाऊ शकतो. म्हणजे जी शिवण डोळ्यांना दिसू नये म्हणून एवढा खटाटोप, तिच्यावर इथं मुलाचा जीव सोपवलेला असतो, आणि कायद्यानं तिची ताकद मोजायला घेतली आहे. साडीच्या फॉलला अशी चाचणी नाही. त्यासाठी सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. दुकानाच्या बिलावर ‘हातशिलाई’ ही ओळ तिच्या रकमेसह वेगळी छापायची, त्यातला शिवणारीचा वाटा गठ्ठ्याबरोबरच्या चिठ्ठीवर लिहायचा, आणि साडी ताब्यात घेताना गिऱ्हाइकानं ती उलटी करून वरच्या कडेचे टाके पाहायचे.