न्हाणीघरात घडलेले सुवर्णपदक

मेलबर्न येथे १९५६ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटर चालण्याची शर्यत डोनाल्ड थॉम्पसन या इंग्रज स्पर्धकाला पुरी करता आली नाही. उष्म्याने गलितगात्र होऊन तो वाटेतच थांबला. वय २३, उंची बेताची, व्यवसाय विमा कचेरीतील कारकुनी. घरी परतल्यावर या कारकुनाने आपल्या अपयशाचा जमाखर्च मांडला. पायांत काही उणे नव्हते. उणी होती ती उकाड्याची सवय. पुढील स्पर्धा रोमला होणार होती आणि रोमचे ऊन काही इंग्लंडात मिळत नाही.

तेव्हा त्याने घरच्या न्हाणीघरालाच रोम केले. तेथे शेगडी पेटवावी, किटल्यांतील पाण्याची वाफ कोंडू द्यावी, अंगावर जाड कपडे चढवावेत आणि त्या उष्म्यात जागच्या जागी व्यायाम करावा, असा त्याचा क्रम होता. ७ सप्टेंबर १९६० रोजी मानेवर पडदा सोडलेली टोपी आणि काळा चष्मा घालून तो रोमच्या रस्त्यावर उतरला. त्याने ४ तास २५ मिनिटे ३० सेकंदांत शर्यत जिंकली. १९४८ सालचा विजेता, स्वीडनचा जॉन युंगग्रेन, अवघ्या १७ सेकंदांनी मागे राहिला. आदल्याच दिवशी त्याच शहरात मिल्खासिंगचे पदक हुकले होते. ती रुखरुख आपण विसरलो नाही. थॉम्पसनचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

अशा कथा सांगितल्या की त्यांतून एक सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. जिद्द असली की सुविधा कशाला हव्यात, असे म्हणून आपण मैदानांचा प्रश्न निकालात काढतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा हिशेब मान्य होणे कठीण आहे. थॉम्पसनपाशी पैसा नव्हता हे खरे. परंतु त्याला नियमित वेतनाची नोकरी होती आणि त्याच्या खेळामागे जुनी परंपरा उभी होती. लंडनच्या शेअरबाजारातील मंडळींनी १९०३ साली लंडन ते ब्रायटन अशी चालण्याची शर्यत भरविली होती. त्याच मार्गावर थॉम्पसनने वर्षानुवर्षे विजय मिळविले. ही सामाजिक गुंतवणूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती नव्हतीच असे समजणे चूक ठरेल. शिवाय न्हाणीघरात त्याला घेरी येई, ती उकाड्याची नसून शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूची असावी, हे त्याला फार उशिरा उमगले. अभावाची किंमत अशीही मोजावी लागते.

या खेळाचा मूळ नियम असा की एक पाऊल सतत जमिनीला टेकलेले असले पाहिजे. थॉम्पसनचे आयुष्यही तसेच गेले. १९६४ साली टोकिओत तो दहावा आला, पण त्याने चालणे सोडले नाही. १९९१ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, फ्रान्समधील २०० किलोमीटरच्या शर्यतीत तो आपल्या देशासाठी उतरला. २००६ साली त्याचे निधन झाले. २०२१ साली पार पडलेल्या टोकिओ ऑलिंपिकनंतर ही ५० किलोमीटरची शर्यतच कार्यक्रमातून वगळण्यात आली.

पहाटे आपल्या गावाच्या हमरस्त्याच्या कडेने, भरधाव ट्रक चुकवीत सराव करणारी मुले मी पाहतो. जिद्द त्यांच्यापाशीही आहे. थॉम्पसनच्या न्हाणीघराचे कौतुक जरूर करावे. परंतु दाराबाहेर त्याला चालायला रस्ता मिळाला होता, याचा विसर पडू देऊ नये.