विस्तव राखणारीचं नाव

माझी आजी रात्री जेवणं उरकली की चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारली की आत विस्तव जागाच! शेजारच्या काकू विस्तव मागायला आल्या की आजी खुलायची. पण तिच्या या कामाला कुणी काम म्हटलं नाही.

परवा लेकीला विज्ञानाच्या प्रकल्पात मदत करताना ‘व्हेस्टा’ भेटली नि आजी आठवली.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. व्हेस्टा हा त्यांतला एक मोठा, सुमारे ५२५ किलोमीटर रुंद. जर्मनीतल्या ओल्बर्स यांना तो १८०७ साली सापडला. नाव मिळालं ते रोमन लोकांच्या चुलीच्या देवतेचं. त्याचं एक वर्ष म्हणजे आपली साडेतीन वर्षं नि वर थोडे दिवस. म्हणजे छत्तीस वर्षांची बाई तिथे जेमतेम दहाची! आणि दिवस-रात्र मिळून साडेपाच तासही नाहीत. सकाळचे डबे भरून होईतो दिवेलागणच व्हायची!

मैत्रिणींनो, या लघुग्रहाच्या पोटातही एकेकाळी आग होती. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी तो आतून वितळला, जड लोखंड मध्यभागी बसलं, लाव्हा वर आला. पुढे सगळं निवलं. राजस्थानात पिपलिया कलां इथे १९९६ मध्ये पडलेला दगड अशाच निवलेल्या लाव्ह्याचा, व्हेस्टाच्या जातकुळीचा. ती आग पेटवणाऱ्या किरणोत्सारी ॲल्युमिनियमची खूण त्या दगडात अहमदाबादच्या शास्त्रज्ञांना सापडली.

२०११-१२ मध्ये ‘डॉन’ यानानं व्हेस्टाभोवती घिरट्या घालून फोटो काढले. दक्षिणेकडे सुमारे ५०० किलोमीटर रुंद विवर दिसलं. त्याचं नाव रियासिल्व्हिया. रोममध्ये व्हेस्टाच्या देवळातला अग्नी सांभाळणाऱ्या पुजारिणी असत. अग्नी विझला तर त्यांना फटके बसत. कथेतली रियासिल्व्हिया त्यांच्यातलीच. व्हेस्टावरच्या विवरांना आता अशा पुजारिणींची आणि रोममधल्या नामवंत स्त्रियांची नावं देतात.

हे वाचून लेकीनं सहज विचारलं, “आई, तुझ्या आजीचं नाव काय गं?”

मला पटकन आठवेना. आम्ही तिला आजीच म्हणायचो. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, घराच्या पाटीवरही त्यांचंच. शेवटी आईला फोन लावला. लेकीनं ते नाव वहीत व्हेस्टाच्या चित्राखाली लिहिलं.

तुम्हीही आज घरात विचारा. तुमच्या घरचा विस्तव जिनं राखला, तिचं नाव कुठेतरी लिहून ठेवा.