घेर हाती, त्रिज्या खोडात

उमरीत बोलायचं तर सागापासूनच सुरुवात करू. आपल्याच जिल्ह्यात किनवटकडं सागाचं जंगल आहे. उभ्या झाडाच्या खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ किती? आठवीतल्या पोराला विचारलं की ते लगेच म्हणतं, ‘पाय आर वर्ग.’ आम्ही म्हणतो, बरोबर. पण त्रिज्या कुठाय? ती खोडाच्या पोटात. कुऱ्हाड न लावता हाती येतो तो फक्त घेर. दोरी गुंडाळायची आणि दोरी मोजायची. इथं पोरगं अडतं.

समजा घेर 44 इंच भरला. परीघ म्हणजे दोन पाय आर. पाय 22/7 धरला तर त्रिज्या 7 इंच, आणि क्षेत्रफळ 154 चौरस इंच. त्रिज्या मधे न आणताही जमतं: घेराचा वर्ग करा आणि त्याला पायच्या चौपटीनं भागा. 1936 ला 88/7 नं भागलं, तरी 154च.

पण असं का व्हावं? भाकरीचे पाचरीसारखे तुकडे करा. निम्मे सुलटे, निम्मे उलटे असे एकमेकांत बसवा. तुकडे जितके बारीक, तितका आकार आयताच्या जवळ जातो. त्याची लांबी निम्मा परीघ, म्हणजे 22. रुंदी त्रिज्या, म्हणजे 7. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लीलावतीत नियम दिला तो हाच: परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग. 44 गुणिले साडेतीन, करून बघा. पुढं 1545 साली गणेश दैवज्ञांनी ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत असेच तुकडे एकमेकांत बसवून त्याचं कारण सांगितलं. पुठ्ठा कापून करायचा शाळेतला प्रयोग किती जुना आहे बघा!

आता पैशाची गोष्ट. लाकूड मोजायची एक जुनी रीत आहे. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. 44 चा चौथा भाग 11, वर्ग 121. म्हणजे 154 च्या जागी 121! दहा फुटी ओंडका खरा सुमारे 10.7 घनफूट, या रीतीनं 8.4. शंभरातले साडेएकवीस गेले.

याला सरळ लबाडी म्हणता येणार नाही. साल निघते, करवतीत भुसा जातो, गोलाचं चौकोनी करताना कडा वाया जातात; म्हणून ही सूट. दरही त्याच मापावर ठरला असेल तर कुणाचं नुकसान नाही. पण दर एका मापाचा ऐकायचा आणि मोजणी दुसऱ्या मापानं, असं झालं की विकणारा बुडाला. त्याला दोन्ही हिशेब यायला हवेत.

आम्ही मूळचे तत्त्वज्ञानाचे. धूर दिसला की अग्नी असणार, या अनुमानावर वर्षानुवर्षं तास घेतले. घेरावरून पोटातलं ओळखणं हेही अनुमानच. फक्त अट अशी की छेद खरोखर गोल हवा. खोड चपटं किंवा खाचखळग्यांचं असेल तर त्याच 44 इंचांत क्षेत्रफळ कमीच भरतं, जास्त कधीच नाही. आणि दोरी मात्र घट्ट धरा. ती सैल राहून 46 भरली, की 154 चे 168 होतात.