कुत्र्याच्या पिल्लाचे संगोपन (मोठ्या जाती)

ज्या जातींतील प्रौढ कुत्र्याचे वजन सामान्यतः ३० किग्रॅ. च्या वर जाते, त्यांना मोठ्या जाती म्हणतात. ॲल्सेशियन (जर्मन शेफर्ड), रॉटवायलर, डॉबरमन, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड व मॅस्टिफ या त्यांतील परिचित जाती होत. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांच्या पिल्लांनाही संगोपनाचे हेच नियम लागू पडतात. जन्मतः सु. अर्धा ते पाऊण किग्रॅ. वजनाचे ग्रेट डेनचे पिल्लू वर्षाअखेर ५० किग्रॅ. च्या आसपास पोहोचते. मनुष्याच्या मुलाला जन्माचे वजन केवळ दुप्पट करण्यास चार ते पाच महिने लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाढीचा वेग लक्षात येतो. लहान जातीचे कुत्रे नऊ-दहा महिन्यांत पूर्ण वाढते. ग्रेट डेनची वाढ मात्र दीड ते दोन वर्षे चालू राहते. हाडांच्या टोकांजवळील कूर्चापट्ट्या या काळात मऊ असतात. हाड लांबीने वाढते ते या पट्ट्यांतूनच. शरीराचे वजन हाडांच्या बळकटीपेक्षा पुढे धावले, तर या पट्ट्या व सांधे यांवर ताण पडून व्यंगे उद्भवतात. त्यांपैकी बरीचशी पुढे दुरुस्त होत नाहीत.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ असावे. भारतात २०१७ साली करण्यात आलेल्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. खरेदीपूर्वी पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे काय, हे विचारणे इष्ट होय. कारण खुब्याच्या सांध्याचा सैलपणा (हिप डिस्प्लेशिया) हा विकार मुख्यत्वे आनुवंशिक असून तो किती तीव्र होईल हे आहार व हालचाल यांवर ठरते. व्यवहारात ग्राहक पिल्लाच्या पंजाचा आकार पाहतो, आईबापांचे खुबे पाहत नाही.

आहार : मोठ्या जातीच्या पिल्लाला खाऊ घालण्यात कसूर होते ती बहुधा अतिरेकाची, कमतरतेची नव्हे. गुबगुबीत पिल्लू निरोगी समजले जाते. वस्तुतः बरगड्या डोळ्यांना ठळक न दिसता हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहता कंबर आत गेलेली दिसावी, हे योग्य प्रमाण होय. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर केलेल्या व १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मनसोक्त खाणाऱ्या पिल्लांत हाडांचे विकार आढळले. त्यांच्या दोन-तृतीयांश आहारावर वाढवलेल्या पिल्लांत ते बरेच कमी होते. पुढे ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. मिताहारी गटात खुब्याचा विकार लक्षणीय प्रमाणात कमी दिसला (१९९२) आणि त्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्याचे ११·२ वर्षे भरले (२००२). हळू वाढल्याने कुत्र्याची अंतिम उंची घटत नाही. ती आनुवंशिकतेने ठरलेली असते.

कॅल्शियमचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. प्रौढ कुत्र्याच्या आतड्यात गरजेपुरतेच कॅल्शियम शोषले जाते. कोवळ्या पिल्लात हे नियंत्रण अपुरे असल्याने पुढ्यात आलेल्या कॅल्शियमाचा मोठा भाग रक्तात जातो. नेदर्लंड्समधील युत्रेक्त येथे हेझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास ग्रेट डेन पिल्लांना जादा कॅल्शियमयुक्त अन्न दिले, तेव्हा त्यांच्या कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडून पाय वाकडे झाले. यास्तव पिल्लांसाठी तयार केलेले संतुलित खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे औषध, हाडांची पूड किंवा गोळ्या देणे हानिकारक ठरते. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांसाठी अमेरिकेतील प्रमाणानुसार शुष्क खाद्यात कॅल्शियम १·८ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. ॲल्सेशियनचे कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियम पाजण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. कान कूर्चेचे असतात, हाडाचे नव्हे. दुधाचे २८ दात पडून ४२ कायमचे दात येण्याच्या सुमारास, म्हणजे चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यात, उभे राहिलेले कान पुन्हा खाली पडतात व आपोआप सावरतात. त्याचे श्रेय मात्र औषधास मिळते.

उलट टोकाची चूक घरच्या अन्नात होते. निव्वळ मांसात फॉस्फरसाच्या मानाने कॅल्शियम अत्यल्प, सु. एक-पंधरांश ते एक-विसांश असते; तर दूध-पोळी किंवा दूध-भात यांवर प्रथिने व इतर घटक अपुरे पडतात. केवळ मांसावर वाढलेल्या पिल्लात परावटू ग्रंथी उत्तेजित होऊन हाडांतील कॅल्शियम काढून घेतले जाते आणि किरकोळ उडीनेही हाड मोडते. कोवळ्या उन्हात बसवल्याने मुडदूस टळतो, हा मनुष्याबाबतचा अनुभव येथे लागू पडत नाही. कुत्र्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नसल्याने ते अन्नातूनच मिळावे लागते. घरचे अन्न द्यावयाचे असल्यास त्याचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही विषारी असून शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिपा आतड्यास इजा करतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा मोजून अन्न द्यावे आणि दर आठवड्यास वजन नोंदवावे. भरल्या पोटी दौड घालू नये. खोल छातीच्या जातींत जठर फुगून पिळवटण्याचा धोका असतो. तो वयाबरोबर वाढतो आणि काही तासांत प्राणघातक ठरतो.

हालचाल : नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांच्या पाहणीत (२०१२) तीन महिन्यांपर्यंत जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा विकार अधिक, तर मोकळ्या मऊ जमिनीवर स्वैर बागडणाऱ्यांत कमी आढळला. त्यामुळे पिल्लास कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. मैदानावर स्वेच्छेने खेळू द्यावे. दुचाकीमागे धावविणे, उंचावरून उड्या मारविणे व लांबची सक्तीची रपेट वर्षभर टाळावी. शहरी सदनिकांतील गुळगुळीत लाद्यांवर पाय सतत घसरतात. वावराच्या जागी चटई किंवा गोणपाट अंथरणे हा स्वस्त व परिणामकारक इलाज आहे. पाच ते अठरा महिन्यांच्या ॲल्सेशियनमध्ये आज एक, तर पुढील आठवड्यात दुसरा पाय लंगडण्याचा प्रकार दिसतो. तो लांब हाडांच्या दाहामुळे होतो व बहुधा आपोआप बरा होतो. तथापि प्रत्येक लंगडण्याचे कारण तेच समजून स्वस्थ बसू नये.

लसीकरण व जंत : गोलकृमी गर्भावस्थेतच आणि अंकुशकृमी आईच्या दुधातून पिल्लात शिरतात. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास व पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक देतात. गोलकृमींची अंडी मुलांच्या पोटात गेल्यास त्यांनाही अपाय होतो. डिस्टेंपर, पार्व्होव्हायरस (हा रोग १९७८ मध्ये जगभर पसरला) व संसर्गजन्य यकृतशोथ यांवरील लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीस निष्प्रभ करतात व ती कधी संपतील हे सांगता येत नाही, म्हणून ही पुनरावृत्ती आवश्यक असते. अलर्क रोगाची लस बारा आठवड्यांनंतर देतात. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. मुंबई व कोकणात त्यावरील लस वगळू नये. गोचिडांमुळे होणारे रक्तातील ताप आपल्याकडे बारमाही आढळतात. मुंबई व पुणे महानगरपालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्यासाठी परवानाही घ्यावा लागतो.

येथे एक अडचण उभी राहते. स्कॉट व फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या संशोधनानुसार (ग्रंथ १९६५) माणसांशी व भोवतालाशी सलोखा जुळण्याचा काळ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा असतो; चौदा आठवड्यांपर्यंत मानवी सहवास न मिळालेली पिल्ले पुढे बुजरीच राहिल्याचे १९६१ मधील एका प्रयोगात दिसले. लसीकरण संपेपर्यंत पिल्लू घरातच ठेवले, तर हा काळ वाया जातो. रस्त्यावर सोडले, तर पार्व्होचा धोका असतो. मधला मार्ग म्हणजे पिल्लास कडेवर घेऊन बाजार, रेल्वे स्थानक, मुलांचा गलका, फेरीवाल्याची हाक, छत्री, गणवेशधारी टपालवाला यांची ओळख करून देणे, तसेच लस टोचलेल्या निरोगी कुत्र्यांशी भेट घडविणे. भयातून चावणारे ४० किग्रॅ. वजनाचे कुत्रे कोणाही कुटुंबास सांभाळता येत नाही. मग त्याचा शेवट साखळीत किंवा रस्त्यावर होतो.

याच कारणाने अंगावर उडी मारणे, हाताला दात लावणे, अन्नापाशी गुरगुरणे या सवयींना पहिल्या महिन्यापासून आवर घालावा. लहानपणी गोड वाटणारी उडी दहाव्या महिन्यात आजीबाईंना खाली पाडते. चावा लागताच खेळ थांबविणे, योग्य वर्तनास तत्काळ खाऊ देणे व घरातील सर्वांनी एकच आज्ञाशब्द वापरणे पुरेसे असते; मारहाणीने भय व आक्रमकता वाढते. झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर लगेच बाहेर नेले असता शौचाची सवय लवकर लागते. सहाव्या ते दहाव्या महिन्यात पिल्लू शिकलेले विसरल्यासारखे वागते. ही तारुण्याची चाहूल असते. या काळात शिक्षण थांबवू नये.

मोठ्या जातींतील मादी पहिल्यांदा माजावर येण्यास नऊ ते चौदा महिने, क्वचित अधिकही लागतात. गोल्डन रिट्रीव्हरवरील एका अमेरिकन अभ्यासात (२०१३) वर्षाच्या आत वंध्यीकरण केलेल्या कुत्र्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले. त्यामुळे या जातींत शस्त्रक्रिया एक वर्षानंतर करण्याकडे बऱ्याच पशुवैद्यांचा कल आहे. मात्र मोकळे फिरणारे कुत्रे असल्यास नको असलेल्या पिलावळीचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.