राइट क्लिकचं बटण गेलं कुठे?

नवा लॅपटॉप घेतला की अनेकजण ट्रॅकपॅडवर उजवं बटण शोधत राहतात. सगळा पृष्ठभाग सपाट, रेघसुद्धा नाही. बटण दिसत नसलं तरी सोय तिथेच आहे. विंडोजवर दोन बोटं एकदम हलकेच टेकवा, मॅकवर दोन बोटं ठेवून दाबा. राइट क्लिकचा मेनू उघडतो. मॅकवर कंट्रोल धरून साधं क्लिक केलं तरी चालतं.

ट्रॅकपॅडला बोटं मोजता येतात, म्हणून हे जमतं. पृष्ठभागाखाली विद्युतवाहक तारांची बारीक जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि कुठे, किती बोटं आहेत ते कळतं. ओल्या बोटांनी बाण भरकटतो, तोही यामुळेच.

बटणं किती असावीत, यावर मोठे मतभेद झाले आहेत. डग्लस एंगेलबार्ट यांनी 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दाखवलेल्या माउसला तीन बटणं होती. अॅपलच्या लॅरी टेस्लर यांचा आग्रह मात्र एकाच बटणाचा. नवख्या माणसाने कुठलं दाबू म्हणून अडू नये. 1984 चा मॅकिंटॉश तसाच आला. या विचारामागची कळकळ मला फार मोलाची वाटते. तरी राइट क्लिक रुळलं ते विंडोज 95 मुळे, आणि पुढे मॅकनेही ते स्वीकारलं.

ते रुळलं, कारण ज्या गोष्टीवर क्लिक कराल तिच्याच कामाचे पर्याय समोर येतात. फाइलवर केलं तर नाव बदलणं, लाल रेघ आलेल्या शब्दावर केलं तर योग्य स्पेलिंग, लिंकवर केलं तर ती नव्या टॅबमध्ये उघडणं. काही पाठ करावं लागत नाही. शिकवणाऱ्यांनी शॉर्टकटची यादी देण्याआधी हे दाखवावं, असं मला मनापासून वाटतं. विंडोज 11 मध्ये हा मेनू आखूड केला आहे. नेहमीचा पर्याय सापडला नाही तर शिफ्ट धरून राइट क्लिक करा, जुना लांब मेनू येतो.

बाकी खुणा वापरता वापरता बसतात. दोन बोटं वरखाली सरकवली की पान सरकतं. तीन बोटं वर नेली की उघड्या खिडक्या एकत्र दिसतात. हात थरथरत असेल, टॅप नीट होत नसेल, तर विंडोजवर फाइल निवडून शिफ्ट आणि एफ10 दाबा. मेनू उघडेल, आणि बाणांच्या कळांनी हवा तो पर्याय निवडता येईल.