एक तार तुटली, तर काय होते?

खडकवासला धरणाच्या वर तीन धरणे आहेत: अंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर. तिन्हींचे पाणी खडकवासल्यातच येते आणि तिथून पुण्याला जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा बाकीची दोन धरणे अजून व्हायची होती. पानशेतच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले. शहरात पूर शिरला आणि ओसरल्यावर नळ कोरडे पडले. सगळ्यांची वाट एकाच ठिकाणावरून जात असेल, तर ते ठिकाण कोसळल्यावर काय होते, हे पुणेकर तेव्हा शिकले.

संगणकांच्या जाळ्याला, म्हणजे नेटवर्कलाही हाच नियम लागू होतो.

दोन किंवा अधिक यंत्रे माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी जोडली की नेटवर्क तयार होते. घर, शाळा किंवा दवाखान्यापुरते असेल तर त्याला लॅन म्हणतात, शहरभर पसरले तर मॅन आणि शहरे-देश जोडणारे असेल तर वॅन. इंटरनेट हे अशा असंख्य जाळ्यांचे मिळून झालेले महाजाळे आहे.

घरात येणारी फायबरची तार एका छोट्या डब्याला जोडलेली असते. तो तारेतून आलेला प्रकाश विजेच्या संकेतांत बदलतो. राउटर घरातले जाळे बाहेरच्या जाळ्याशी जोडतो. कार्यालयात अनेक संगणक असतील तर स्विच लागतो. ज्याचा निरोप, त्याच्याच तारेवर तो पाठवतो.

आता मांडणी. पूर्वी एकाच लांब तारेवर सगळे संगणक टांगलेले असत. ही बस मांडणी. तार मध्येच तुटली की सगळेच बंद. आज बहुतेक ठिकाणी तारा मांडणी असते: मध्ये स्विच आणि त्याच्याकडून प्रत्येकाला वेगळी तार. एक तार तुटली तर एकच संगणक बंद पडतो, पण स्विच बिघडला तर सगळेच ठप्प. वर्तुळाकार मांडणीत एका बाजूने वाट अडली तर दुसऱ्या बाजूने फिरून जाता येते. म्हणून दूरसंचार कंपन्या आपल्या मुख्य फायबरसाठी ती वापरतात. मेश मांडणीत अनेक ठिकाणे एकमेकांना थेट जोडलेली असतात. ती सर्वांत भरवशाची, पण खर्चीक.

मांडणीचा हा प्रश्न पावसाळ्यात जिवाशी येतो. खडकवासल्यातून विसर्ग वाढवायचा ठरला, की तो निरोप मुठेकाठच्या वस्त्यांपर्यंत पाण्याच्या आधी पोहोचायला हवा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा रहिवाशांची तक्रार हीच होती की इशारा वेळेत मिळाला नाही. हा निरोप एकाच मार्गाने जात असेल, तर तो मार्ग बंद पडल्यावर लोक अंधारात राहतात. म्हणून भोंगा, ध्वनिक्षेपक, मोबाइल आणि प्रत्यक्ष जाऊन सांगणारी माणसे असे सगळे मार्ग एकाच वेळी हवेत. सेल ब्रॉडकास्ट हा त्यातला नवा मार्ग: निवडलेल्या टॉवरांच्या टप्प्यातील चालू फोनवर इशारा एकाच वेळी जातो. फोन करणाऱ्यांची गर्दी झाली तरी तो अडत नाही.

घरीही थोडी तयारी करता येते. वीज गेली की राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद पडतात. दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. घरातले सगळे फोन एकाच कंपनीचे नसावेत, कारण एका कंपनीचे जाळे बंद पडले तरी दुसऱ्याचे चालू असू शकते. आणि महत्त्वाचे दहा क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावेत. त्या कागदाला ना वीज लागते, ना नेटवर्क.